कर कमी लावल्याबद्दल हरकत

महिपतराव वाबळ्यांना सरकारने घोड्यावरून उतरवून सायकलवर बसवलं, त्या वर्षी मी ग्वाल्हेरच्या नगरपालिकेत घरपट्टीच्या टेबलावर कारकून होतो. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मागोमाग फौज विलीन झाली, आणि फौजेतली जी माणसं कुठेच विलीन होईनात ती वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकली गेली. दोघे जंगलखात्यात गेले, एक तुरुंगात गेला (पहारेकरी म्हणून, गैरसमज नको) आणि घोडदळातले दफेदार महिपतराव आमच्याकडे आले, घरपट्टीचे इन्स्पेक्टर म्हणून. वीस वर्षं घोड्यांचे खूर तपासलेल्या माणसाला घरांची लांबीरुंदी मोजायला का पाठवलं, ते हुकमात लिहिलेलं नव्हतं.

ते सायकलवर नेहमी डाव्या बाजूने चढत, उतरल्यावर सीटवर दोनदा थोपटत, आणि उन्हाच्या वेळी तिला सावलीत उभी करत. ऑफिसातले लोक हसायचे. मीही हसायचो, पण जरा मागे सरकून, कारण ते आमच्या गल्लीतले होते आणि लहानपणापासून मी त्यांना काका म्हणत आलो होतो.

नगरपालिकेची अवस्था तेव्हा बघण्यासारखी होती. संस्थानाच्या काळात खर्चाला पैसे कमी पडले की दरबारातून येत. आता वरून नुसतं पत्र येई की नगरपालिकांनी आपापल्या पायावर उभं राहावं. पत्र लिहिणारं सरकार स्वतः मात्र एका जागी उभं राहत नसे. थंडीत ते ग्वाल्हेरला असायचं आणि उन्हाळा लागला की फायली पेट्यांत भरून इंदूरला जायचं. आमच्याकडे पाण्याची बोंब होते मे महिन्यात. त्यामुळे ग्वाल्हेरला पाणी कमी पडतं हे कोणत्याही मंत्र्याने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आमची गल्ली नई सडकेच्या मागे. अडतीस घरं. निम्मी आम्हा दरबारी ब्राह्मणांची, निम्मी फौजेतल्या मराठ्यांची, आणि सगळीच्या सगळी माफीदार. म्हणजे कुणाच्या पणजोबाने कुठेतरी तलवार चालवली, कुणाच्या आजोबाने कुठेतरी पूजा सांगितली, आणि त्याबद्दल दरबाराने सनद दिली की या घराला कोणताही कर माफ. नव्या राजवटीने या सनदा रद्द केल्या होत्या, पण ते आमच्या गल्लीला कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी गल्लीने ऐकलं नसतं. कर रयतेने द्यायचा असतो आणि आपण रयत नाही, एवढं साधं गणित होतं.

करमाफी गेली हे गल्ली मानत नव्हती, पण पाणी मात्र खरोखर गेलं होतं. पूर्वी राजवाड्याच्या पखाली रोज सकाळी गल्लीत यायच्या. विलीनीकरणानंतर त्या आपोआप बंद झाल्या. गल्लीच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजायची नाही. बायका पाऊण मैलावरच्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, जायच्या. महिपतरावांच्या बायको कुमुदिनीकाकी मागच्या उन्हाळ्यात बावडीच्या पायऱ्यांवरून हंड्यासकट पडल्या, हात मोडला, आणि हाडवैद्याने तो असा बसवला की कोपरापासून बाहेरच्या बाजूला वाकडा राहिला. तशा हाताने त्या रोज दोन खेपा करत होत्या.

म्हणून महिपतराव एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मधु, मला नळ पाहिजे. बाकी तुझा हा मध्यभारत राहो नाहीतर जावो."

नळ खरोखर येणार होता. फूलबागेकडून येणारी लाइन आमच्या भागापर्यंत आली होती आणि गोदामात पाइप एवढेच उरले होते की ती एकाच बाजूला वळवता येईल. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी, आमच्या बडे साहेबांनी, नियम काढला: एकतीस मार्चला ज्या मोहल्ल्यात घरपट्टीची पक्की नोंद झालेली घरं जास्त, त्याला नळ. ज्याच्याकडून पैसे येतील त्याला आधी पाणी, असा हिशेब. आमच्या बाजूला दोनच मोहल्ले होते. एक आमची गल्ली. दुसरा तिच्या पलीकडे, जुन्या घोडदळाच्या तबेल्यांमागे, घोडेवाल्यांची वस्ती. तिथे घोड्यांची निगा राखणारे साईस, घास कापणारे, नाल ठोकणारे असे लोक राहत. घोडे गेले, शिपाई गेले, आणि हे मागे उरले. यांना कुठल्या खात्यात विलीन करायचं हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

अडतीस घरांसमोर ती वस्ती म्हणजे काय! महिपतराव निर्धास्त होते. "फक्त सह्या करायच्या आहेत," ते मला म्हणाले. "आठ दिवसांत काम होऊन जाईल."

सह्या घ्यायला ते आधी स्वतःच्याच घरी गेले. घर थोरले भाऊ कान्होजी यांच्या नावावर होतं. कान्होजींनी पितळेच्या नळकांड्यातून सनद काढली, धाकट्या भावासमोर उलगडली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. सही केली नाही. मग महिपतराव आमच्याकडे आले. माझे वडील रघुनाथराव खेडकर, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, दरबारात बैठकीचं काम पाहत. दसऱ्याच्या दरबारात कोण कितव्या जागेवर बसेल, अत्तर कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे सगळं त्यांना तोंडपाठ. दरबार बंद झाला तरी त्यांचं काम बंद झालं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ते अजून माणसं उठवून दुसरीकडे बसवत.

"महिपतराव," नाना म्हणाले, "आपण देणारे नाही, घेणारे आहोत. तुम्ही सरकारी नोकरी करून राहिला आहात, म्हणून तुम्हाला समजत नाही."

"नाना, पाणी तरी घ्यायचं आहे ना?"

"पाणी येईल. आजवर कधी मागावं लागलं का?"

बाहेर पडल्यावर महिपतरावांनी सायकलीच्या सीटवर थोपटलं आणि पुढच्या दारी गेले. पस्तीस घरांत हेच झालं. तीन घरांत दारच उघडलं नाही.

दुसरीकडे गंमत अशी की वस्तीतले लोक इन्स्पेक्टरच्या मागे लागले होते. माझ्या उभ्या नोकरीत घरपट्टीवाल्याच्या मागे धावणारी माणसं मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिली. त्यांच्यात दुर्गा नावाची एका साईसाची विधवा होती, टांगेवाल्यांना घास विकायची. ती ऑफिसच्या दारात येऊन बसली.

"साहब, हमारी बस्ती काहे छोड़ दी?"

"बाई, क़ायदे में मकान वो होता है जिसमें छत हो, दीवार हो, और बंद होने वाला दरवाज़ा हो. तुम्हारे यहाँ बोरी टँगी है."

"तो जो हम अंदर रहते हैं, वो क्या है?"

"वो काग़ज़ पर नहीं आता."

दुर्गा उठून गेली. महिपतरावांना वाटलं, प्रश्न संपला. पण त्याच महिन्यात घोडदळाच्या तबेल्यांचा लिलाव झाला आणि वस्तीने वर्गणी काढून तबेल्याची एकतीस दारं विकत घेतली. अर्धी दारं ती. वरचा भाग मोकळा, घोड्याला मान बाहेर काढता यावी म्हणून. पण दाराची उंची किती असावी हे नियमात कुठेच नव्हतं. आठ दिवसांत एकतीस झोपड्यांना एकतीस दारं लागली. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात घोड्याचा नंबर होताच, तोच घराचा नंबर झाला आणि पालिकेचा रंगाऱ्याचा खर्चही वाचला.

महिपतराव एकेक दार ओढून, कडी लावून, उघडून पाहत होते आणि मी मागे वही घेऊन लिहीत होतो. सतरा नंबरच्या दाराशी ते थांबले. फौजेतल्या त्यांच्या चंचल नावाच्या घोडीचा नंबर सतरा. तिला लाकूड कुरतडायची सवय होती आणि त्या दाराची वरची कड एका बाजूने खाल्लेली होती. महिपतरावांनी त्या कडेवरून हात फिरवला. मग दार मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा मी म्हणालो, "काका, झालं आहे." मग ते पुढच्या दाराकडे वळले.

परतताना मी त्यांना विचारलं, "काका, ही एकतीस घरं तुम्ही लिहिली, पण आपल्या गल्लीत अजून एकसुद्धा नाही. नळ यांना गेला तर?"

"दार आहे. बंद होतं आहे," ते म्हणाले. "मी काय झूठ लिहू?"

सह्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही हे कळल्यावर त्यांनी नियमांचं पुस्तक वाचून काढलं. इंग्रजी पुस्तक, त्यांना चार रात्री लागल्या. त्यात सापडलं की मालक सही करत नसेल तर इन्स्पेक्टरने बाहेरून घर पाहून आकारणी करावी, यादी ऑफिसात लावावी, आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद पक्की. त्यांनी फेब्रुवारीत अडतीसही घरं रस्त्यावर उभं राहून मोजली. कान्होजींच्या खिडकीखाली उभं राहून स्वतःचं घरही मोजलं. आकारणी ठेवली अगदी हलकी, कुणाला सहा रुपये, कुणाला नऊ, म्हणजे कुणी बोंब मारू नये.

इथे माझा गुन्हा आहे, तो सांगून टाकतो. यादी मी लिहिली. घरांच्या क्रमाने लिहायची ती मी आकड्यांच्या क्रमाने लिहिली, सगळ्यात जास्त कर वर, सगळ्यात कमी खाली. दिसायला बरी दिसते म्हणून. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काहीही नव्हतं.

यादी लागली आणि तिसऱ्या दिवशी नाना ऑफिसात आले. कर लावला म्हणून भांडायला आले असावेत. त्यांनी चष्मा पुसला, यादीसमोर उभे राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पालटला. त्यांच्या समोर घरपट्टीची यादी नव्हतीच. तिथे दसऱ्याचा दरबार भरलेला होता. पहिल्या जागेवर दिनकरराव, ठीक आहे, त्यांच्या आजोबांना पालखीचा मान होता. दुसऱ्या जागेवर मोडक वैद्य! आणि आपण? नवव्या जागेवर, एका मृदंग वाजवणाऱ्याच्या खाली.

"मधु," नाना इतक्या हळू म्हणाले की मी घाबरलो, "हे कोणी बसवलं?"

संध्याकाळपर्यंत गल्लीतला प्रत्येक पुरुष यादी पाहून गेला. ज्यांना आठ दिवसांपूर्वी कर या शब्दाचाच विटाळ होत होता ते आता एकमेकांना विचारत होते, तुम्हाला किती? कान्होजींना सात रुपये आणि शेजारच्यांना साडेसात! तेसुद्धा सख्ख्या भावाने लावलेले! त्या रात्री वाबळ्यांच्या घरी दोन चुली मांडल्या गेल्या.

मग हरकती आल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्या मीच लिहिल्या, आणि आज सांगायला लाज वाटते पण लिहिताना मला मजा येत होती. नानांची अशी होती: "अर्जदाराच्या घराण्याचा दर्जा, सेवा व पूर्वापार मान पाहता लावलेली आकारणी अपमानकारक कमी असून ती किमान बारा रुपये करण्यात यावी." इतरांच्याही अशाच. मृदंगवाल्याने अकरा मागितले. दिनकररावांना मागायला काही उरलं नव्हतं, ते पहिलेच होते. त्यांनी हरकत घेतली की त्यांच्यात आणि दुसऱ्या क्रमांकात अंतर फार थोडं ठेवलं आहे. पंधरा दिवसांत अडतीस हरकती झाल्या. कर कमी करा असं म्हणणारी त्यात एकही नव्हती.

बडे साहेबांनी तो गठ्ठा वाचला तेव्हा ते खुश झाले. नगरपालिकेच्या इतिहासात असं झालं नव्हतं. खुश नव्हते ते एकटे महिपतराव. त्यांना पुस्तकातली पुढची ओळ माहीत होती. हरकत आली की नोंद कच्ची, निकाल लागेपर्यंत. आणि निकाल देणारे अधिकारी सरकारच्या पेट्यांबरोबर इंदूरला निघाले होते.

ते पुन्हा दारोदार फिरले. या वेळी दारं उघडली, लोकांनी चहाही दिला. "फक्त एकतीस तारखेपुरती मागे घ्या. नळ आला की पुन्हा टाका, मी स्वतः लिहून देतो." आमच्याकडे आले तेव्हा नानांनी त्यांना पाटावर बसवलं, मान देऊन. मी दारात उभा होतो.

"महिपतराव, नळ आज येतो, उद्या गंजतो. यादी कायम राहते," नाना म्हणाले. "माझ्या नातवाने ती वाचली तर?"

"नाना, माझ्या बायकोचा हात बघा एकदा."

नानांनी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मी तिथेच होतो. मी बोललो असतो तर नानांनी ऐकलं असतं असं नाही, पण मी बोललो नाही.

एकतीस मार्चला कमिटीची बैठक झाली. निवडून आलेले नवे मेंबर, त्यात घोडेवाल्यांच्या भागातून आलेला एक जण. महिपतराव सावधान उभे राहून वाचू लागले. "घोडेवालों की बस्ती, मकान इकतीस, पक्के इकतीस. हमारी गली, मकान अड़तीस." इथे ते थांबले. "पक्के, शून्य."

"आप तो वहीं रहते हैं," साहेब म्हणाले. "आपका अपना मकान?"

"हरकत में है, साहब. बड़े भाई ने डाली है कि टैक्स कम है."

मेंबर हसू लागले. खो खो हसले. महिपतराव सावधानच उभे होते, हसणं संपेपर्यंत.

एप्रिलमध्ये नळ वस्तीत बसला. बावडीपेक्षा तो कितीतरी जवळ, आमच्या गल्लीच्या टोकापासून दोनशे पावलं. कुमुदिनीकाकी पहिल्याच दिवशी तिथून एक हंडा घेऊन आल्या. कान्होजींनी तो उंबऱ्याबाहेर उतरवायला लावला. साईसांच्या नळाचं पाणी या घरात येणार नाही. पाणी नाल्यात ओतलं गेलं आणि काकी पुन्हा बावडीकडे निघाल्या. महिपतरावांनी त्यांच्या डोक्यावरून हंडा उतरवून घेतला. भांडण झालं नाही, ओरडा झाला नाही. ते भावाला एवढंच म्हणाले, "दादासाहेब, घर तुमच्या नावावर आहे. राहू दे." आठवड्याभरात त्यांनी वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

गल्लीने तो विषय पुरता चघळला. दफेदाराची बुद्धी फिरली, नोकरीने माणूस बिघडतो, वगैरे. नानांनी पंगतीत वाबळ्यांची जागा चार पाट खाली सरकवली. पत्ता बदलल्याची नोंद मीच केली: महिपतराव वाबळे, भाडेकरू, घरपट्टी आठ आणे.

दोन उन्हाळे गेल्यावर इंदूरहून हरकतींचे निकाल आले. सगळ्या मंजूर! सरकारला काय, कुणी आपणहून जास्त देत असेल तर नाही म्हणायला ते वेडं थोडंच होतं. नानांना बारा रुपये झाले आणि ते तिसऱ्या जागेवर आले. मृदंगवाला सहावा. कान्होजींना साडेनऊ. गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. नळाचे पाइप तोवर गोदामातून संपले होते, पण त्याची आठवण त्या दिवशी कुणी काढली नाही. खरं सांगायचं तर मीही दोन पेढे खाल्ले.

नानांनी मला एक पुडी दिली आणि म्हणाले, "महिपतरावांना पण दे. काही झालं तरी आकारणी त्यांनीच केली होती."

मी सकाळी ऑफिसला जाताना वस्तीकडे वळलो. नळावर वीसएक बायकांची रांग होती, हंडे, बादल्या, डालड्याचे डबे. कुमुदिनीकाकी रांगेच्या शेवटी नुकत्याच येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुर्गा पुढून ओरडली, "अरी, भाभी को आगे आने दो, उनका हाथ टेढ़ा है!" बायका बाजूला सरल्या. कुणी काही विचारलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. एकीने काकींचा हंडा नळाखाली धरला आणि भरल्यावर उचलून दारापर्यंत नेऊन दिला.

आमच्या गल्लीत काकी तो वाकडा हात घेऊन एक उन्हाळा आणि एक हिवाळा, रोज दोन खेपा, माझ्या खिडकीखालून गेल्या होत्या. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, अंगाने धडधाकट होतो, आणि त्याच वेळी रोज सायकल काढून ऑफिसला निघायचो. मी एकदाही त्यांचा हंडा घेतला नव्हता. ती पुडी कुणालाच न देता मी ऑफिसला गेलो.